वासराला आधी

माझी थोरली मुलगी जन्मल्यावर तीन दिवस उपाशी होती, आणि त्याच तीन दिवसांत आमच्या घरात खरवसाची दोन पातेली झाली. हे मी घरात इतक्यांदा बोलले आहे की आता मुलं हसतात. म्हणतात, आई, पन्नास वर्षं होऊन गेली, सोड की आता. का सोडू? त्या वेळी कुणी मला विचारलं नाही, निदान आता तरी मला बोलू द्यावं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आमचं बिऱ्हाड केडगावला होतं, दोन खोल्यांचं. हे नगरला एका कचेरीत कारकून होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातवा लागताच माझी रवानगी राहात्याजवळच्या माझ्या गावी झाली. मी मॅट्रिक झालेली, लग्नाआधी वर्षभर बालवाडीत शिकवलेलं. पण माहेरच्या उंबऱ्याच्या आत आले आणि माझी अक्कल ट्रंकेत कपड्यांखाली जाऊन बसली. बस म्हटलं की बसायचं, खा म्हटलं की खायचं. पोटुशी बाई म्हणजे घरातलं सगळ्यांत बिनडोक माणूस, असंच जो तो वागवत होता.

मुलगी सकाळी झाली. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ज्या त्यातून गेल्या आहेत त्यांना माहीत आहे. सुईण हाताची चांगली होती, तिचं श्रेय मी काढून घेणार नाही. नाळ कापली, पोर रडली, चांगली खणखणीत रडली. मी हात पुढे केले तर सुईण म्हणाली, "पाजायचं न्हाई अजून. चीक हाय तो. तीन दिस जाऊ द्या, चवथ्या दिशी न्हाणं झालं की मग अंगावर घ्या."

मुलीला गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा चोखायला दिला. तिनं दोनदा चोखला आणि तोंड फिरवून आणखी जोरात रडायला लागली. मला बाजेवर निजवलं, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, खिडकीला गोणपाट, डोक्याला फडकं. ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. संध्याकाळपर्यंत माझी छाती दगडासारखी झाली. सुईण आली, वाटी घेऊन बसली, आणि दाबून दाबून तो पिवळा चीक वाटीत काढला. मी कळवळत होते. पायदळी येऊ नये आणि मुंगीनं खाऊ नये म्हणून तिनं तो कोपऱ्यातल्या राखेत ओतला, वरून आणखी राख टाकली. एका हाताच्या अंतरावर माझी मुलगी कापूस चोखत होती. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी गप्प होते. मला सगळ्यात जास्त राग आजही त्या गप्प असलेल्या मॅट्रिक बाईचा येतो.

दुसऱ्या दिवशी आमची गाय व्याली. गोठा माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. वडील गड्यांना ओरडून सांगत होते, "आधी वासराला लावा. वार पडायची वाट बघू नका. चीक पोटात गेल्याबिगर त्याला उभं ऱ्हायचं बळ यायचं न्हाई." कुणीतरी भांडं घेऊन पुढे झालं असावं, कारण वडील खेकसले, "पोट भरू द्या त्याचं. ऱ्हाईल ते आपलं."

मी बाजेवर उठून बसले. मला हे कुणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, पुस्तकात वाचलं नव्हतं. भिंतीपलीकडून माझ्या बापानं सांगितलं, तेही वासरासाठी.

आई गुळाचं पाणी घेऊन आत आली तेव्हा मी विचारलं, "आई, वासराला चीक चालतो, मग हिला का चालत नाही?"

"ते जनावर हाय," आई म्हणाली. "जनावराला पचतंय. मानसाच्या पोराला जड हुतं."

"कुणी पाहिलंय जड झालेलं?"

"बाळंतिणीनं लई बोलू नये. वारं शिरतं."

वारं! त्या खोलीत वारं शिरायला फट तरी ठेवली होती का कुणी? आई निघून गेली. गाईला कालवड झाली होती, त्यामुळे घरात आनंदीआनंद होता. मला मुलगी झाली म्हणून विचारपूस करायला येणाऱ्या बायका आवाज खाली घेऊन "असू दे, असू दे" म्हणत होत्या आणि परत जाताना कालवड बघून जात होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे आले. नगरहून मनमाडच्या एस.टी.नं राहात्याला उतरून, तिथून पायी. हातात डिंकाची पुडी आणि खारका. बारसं होईपर्यंत बापानं पोरीचं तोंड पाहायचं नाही, असा आमच्याकडे आणखी एक शहाणपणा होता, म्हणून यांना ओसरीवर बसवलं. मी दाराशी सरकून बसले. मुलीचा आवाज सकाळपासून बसला होता, आणि दुपारी तर ती रडायचीच थांबली होती. ओठ सुकले होते. दुपट्यावर ओल दिसत नव्हती. सुईण म्हणाली, "गुणाची पोर हाय, शांत." शांत! तीन दिवसांची उपाशी पोर दमून गप्प पडली तर तिला गुणाची म्हणतात.

माहेरी आईवडिलांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मी दाराआडून बोलले. "अहो, हिला दूध देत नाहीत. हिचा आवाज गेलाय. तुम्ही सांगा ना यांना."

ओसरीवरून यांचा आवाज आला, अगदी कचेरीत साहेबाला उत्तर द्यावं तसा. "आता मी यात काय बोलणार? त्यांना यातलं जास्त कळतं. वडीलधाऱ्यांचं ऐकावं." आणि मग वडिलांचा आवाज, "घ्या पाव्हणं, आणखी एक वडी घ्या." दाराच्या फटीतून मला दिसलं, यांच्या हातात खरवसाची वाटी होती. दुसरी. चांगला माणूस आहे माझा नवरा, पुढे पोरीचे लंगोट धुतले, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरला. पण ती वाटी मी त्याला माफ केलेली नाही, आणि हे त्याला माहीत आहे.

मी परत बाजेवर आले आणि मुलीला उचललं. ती इतकी हलकी लागली की मला भीती वाटली, खरीखुरी. ही जाणार, असंच वाटलं. पदर बाजूला केला आणि तिला छातीशी धरलं. तिला ओढताच येईना. तोंड उघडं आणि जीभ कोरडी. मग मी हातानं दाबून थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडला. पहिले दोनतीन गालावरून ओघळले. मग जीभ हलली. मग तिनं गिळलं.

नेमकी तेव्हाच आई शेगडी घेऊन आत आली. शेगडी तिथंच ठेवून तिनं पोरीच्या पायाला धरलं. "काय करतीस? सोड तिला."

"नाही सोडत."

"अगं, तुझ्या आधी दोन गेली माझी," आई म्हणाली. "एक चवथ्या दिशी, एक पाचवी पुजायच्या आधी. म्हनून तर मी येवढं जपतेय. तुला काय म्हाईत?"

मला खरंच माहीत नव्हतं. घरात हे कधी कुणी बोललंच नव्हतं. पण त्या क्षणी माझ्यात दया नव्हती, राग होता. मी म्हणाले, "त्या दोघांना चीक पाजला होतास?"

"न्हाई गं. थेंब दिला न्हाई. सासूबाईंनी सांगितलं तसं समदं केलं."

"मग ती कशानं गेली?"

हे मी बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. कशानं गेली ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी कशी वाचले, तेही कोण जाणे. पण प्रश्न तोंडातून गेला होता.

आई बाजेच्या कडेला बसली. पोरीच्या पायावरचा तिचा हात तसाच राहिला, पण आता ती ओढत नव्हती. बाहेर वडील यांना कालवडीबद्दल सांगत होते, कशी पहिल्याच दिवशी उड्या मारायला लागली ते. आईनं ते सगळं ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही. बराच वेळ ती पोरीच्या गळ्याकडे बघत होती, घोट खाली जाताना जिथं हलतं तिथं.

मग तिनं माझ्या पाठीमागे हात घातला आणि मला अलगद कुशीवर वळवलं. "आता ह्या अंगाला घे," ती म्हणाली. "हिकडलंबी भरलंय."

दारावर थाप पडली. सुईण संध्याकाळचा चीक काढायला आली होती, वाटी घेऊन. आई उठली, दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. सुईणीनं पुन्हा हाक मारली.

"जा तू घरला," आई आतूनच म्हणाली. "पोरगी पितेय."