ईशान्य कोपऱ्यातला खड्डा

ते प्रकरण निघालं की मला आधी बायकोचे मातीनं भरलेले हात दिसतात.

अमरावतीहून अकोल्याकडं जाताना रस्त्याच्या आत एक ले-आउट पडला होता. एजंटनं बावीस नंबरचा दगड दाखवला. बायकोनं ईशान्य कोपऱ्यात खड्डा केला, माहेरच्या पितळी करंड्यात हळद-कुंकू, सुपारी घालून पुरला. प्लॉट घेतला की आपल्याकडं लोक असं काही ना काही पुरतातच. हात झटकत म्हणाली, "सातबारा तं पाहा एकदा. नुसती नोटरी कायले करता?"

"मी पोलीस आहो. मले कोन फसवते?"

"पोलिसाले नाई, तुमाले फसवतीन," म्हणून हसली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. महिन्याभरात डेंगूनं ती गेली.

दिवाळीच्या सुमारास एक शेतकरी ठाण्यात आला. बसलासुद्धा नाही. "साहेब, माह्या तुरीत दर रविवारी लोकं नारळ फोडते. काहून?"

"वावर विकलं न तुमी?"

"कायचं विकतो! एका एजंटासंग इसार झाला होता, तो मोडला. सातबाऱ्यावर मीच हावो."

गाव तेच निघालं, आमच्या ले-आउटचं. दुसऱ्याच दिवशी राजापेठेत डबे करणारी एक बाई चौदा नंबरच्या प्लॉटची नोटरी घेऊन आली. गुन्हा दाखल झाला. मी सहायक फौजदार, तपास माझ्याकडं आला. माझाही प्लॉट तिथंच आहे हे साहेबांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

एजंटला चौकशीला आणलं, तर म्हणतो, "काका, चहा तं सांगा!"

"चौदा नंबर कोनाच्या वावरात दाखवला?"

"नंबरात घोळ झाला. तुमचा बावीस शेजारच्या गटात आहे, एकदम क्लिअर. काकूनं पसंत केलेली जागा ते. चार दिवस दमानं घ्या, तुमची रजिस्ट्री आधी लावतो."

खोटं कशाला लिहू? चार दिवस मी दमानंच घेतलं. केस डायरीत 'तपास सुरू आहे' एवढंच लिहीत बसलो. तिनं पसंत केलेली जागा तेवढी राहावी असं वाटत होतं.

बाई रोज डबे पोचवून ठाण्यात यायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "साहेब, तुमी बसून राह्यले, मी उभी हावो. चाला, माहा कोपरा दाखवतो."

पंच घेऊन गेलो. उन्हाळ्यात पाहिलेली मोकळी जमीन, आता तूर खांद्याला लागत होती. जागा ओळखू आली नाही. बाईनं धुऱ्याच्या बांधाजवळचा दगड दाखवला. शिपायानं खणलं. वर तिचा तांब्या निघाला. त्याखाली दुसऱ्याचा, त्याखाली तिसऱ्याचा. दगडावरचा चुना खरवडला तर चौदाखाली नऊ, नऊखाली एकतीस, एकतीसखाली बावीस. दगड एकच, गिऱ्हाईक बदललं की नंबर बदलायचा. लोकांनी आपापली पूजा एकाच खड्ड्यात पुरली होती.

सगळ्यात खाली एका बाजूनं चेपलेला पितळी करंडा.

"हा कोनाचा लिवू?" पंचानं विचारलं.

"अनोळखी," मी म्हणालो.

चीड एजंटची कमी आली, माझीच जास्त. लोक दिशा पाहतात, मुहूर्त पाहतात, कोपऱ्यात उभं राहून स्वयंपाकघर कुठं येईल ते पाहतात. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, बिनशेती म्हणजे एनए झालं का, मोजणी झाली का, हे पाहत नाहीत. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे, हे मी ठाण्यात शंभर जणांना ओरडून सांगितलं असेल. घरात ते एका बाईला कळत होतं, आणि मी तिचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दी न घालता ठाण्यात गेलो. साहेबांच्या टेबलावर माझी नोटरी ठेवली, म्हटलं तपास दुसऱ्याला द्या, झालेलं सगळं सांगितलं. खूप बोलले. ऐकून घेतलं. मग बाहेर बाकावर बसलो. डबेवाल्या बाईनं पिशवी सरकवून जागा दिली.

माझी पाळी आल्यावर हवालदारानं माझ्या जबाबाचा कागद ओढला. "पंचनाम्यात एक अनोळखी करंडा आहे..."

"माह्या बायकोचा आहे," मी म्हणालो. "लिव."