माणसात नसलेलं जाळं

माझ्या बायकोच्या मामांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी दिले नसतील. लग्नाआधी केळवणाला त्यांच्या कोथरूडच्या घरी गेलो, तर मामांनी माझ्याच वाटीतल्या शेवया चमच्याने वर उचलल्या आणि म्हणाले, "हे समजा शेळीच्या मेंदूखालचं धमन्यांचं जाळं. आणि हे दूध म्हणजे नाकाकडून परत फिरलेलं रक्त." या दुधातले हार्मोन शेवयांच्या भिंतीतून अलगद आत शिरतात आणि मेंदूकडे निघालेल्या रक्तात सामील होतात, दोन्ही रक्तं मात्र एकमेकांत मिसळत नाहीत, असं सगळं त्यांनी खीर गार होईपर्यंत समजावलं. आपल्यातही असंच होतं का, असं मी केवळ भिडेखातर विचारलं. मामांनी शेवया वाटीत सोडल्या आणि नापास मुलाचा पेपर परत करावा तशा सुरात म्हणाले, "माणसात हे जाळं नसतं." त्या दिवसापासून मी शेवयांची खीर खाल्लेली नाही.

पशुवैद्यक कॉलेजात जन्मभर शरीररचना शिकवून मामा निवृत्त झाले, म्हणजे तोच उद्योग त्यांनी घरच्या बाल्कनीत आणला. मटणवाला त्यांच्यासाठी न फोडलेली मुंडी बाजूला ठेवायचा. एकदा सरबतासाठी बर्फ काढायला मी त्यांचा फ्रीज उघडला आणि एका शेळीशी नजरानजर झाली. माझ्या हातातला ग्लास तिथेच फुटला. "दार लावा, गार हवा जाते," मामा म्हणाले. पांढरा कोट चढवून दिवसभर ते शिरांमध्ये लाल-निळा रंग भरत बसत. त्या कोटाला फॉर्मालिनचा असा भपकारा येई की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या कायमच्या बंद केल्या होत्या. शुद्ध शाकाहारी मामींनी या सगळ्यावर चाळीस वर्षं एकच उपाय केला. आधी कॉलेजातून आणि मग बाल्कनीतून, संध्याकाळी मामा आत यायला लागले की त्या नाक मुरडून म्हणत, "आधी आंघोळ करून या." मग चहा.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगाचा झटका आला. पाच दिवस त्यांनी कुणाला ओळखलं नाही, एक शब्द काढला नाही. मामा खाटेशेजारी बसून होते आणि मेंदूविषयी डॉक्टरांना काहीही समजावून सांगत नव्हते. मला सगळ्यात मोठा धक्का त्याचाच बसला. मी फार घाबरलो. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, बाल्कनीतला माझा कोट घेऊन या. धुऊ नका."

मी तो पिशवीला दोन गाठी मारून नेला. पिशवी उघडताच नर्स नाकावर हात धरून मागे सरली आणि हे इथे चालायचं नाही म्हणाली. मामांनी तिकडे लक्ष न देता कोटाची बाही मामींच्या नाकाशी धरली. मला राहवलं नाही. "मामा, पण माणसात ते जाळं नसतं ना?"

"नसतं," मामा म्हणाले. "पण हिला नाक आहे."

बराच वेळ काही झालं नाही. मग मामींचं नाक किंचित मुरडलं. डोळे मिटलेलेच होते, ओठ वाकडे हलले आणि अडखळत शब्द आले, "आधी... आंघोळ... करून या." मामा ताडकन उठले, कोट माझ्या अंगावर टाकला आणि भर दुपारी रिक्षा करून खरोखरच आंघोळीला घरी गेले. मी त्या दुर्गंधीत तोंड लपवून रडलो.

आता मामी घरी आहेत. बोलणं फारसं परतलेलं नाही, नावं तर पार पुसली गेलीत. फ्रीजमध्ये आता शेळी नसते, मामांचे हातही थरथरतात. पण रोज संध्याकाळी ते तो कोट घालून बाल्कनीच्या दारात उभे राहतात आणि मामींचं ते वाक्य येईपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत. कधी लगेच येतं. परवा मी गेलो तेव्हा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती आणि मामा अजून दारातच उभे होते.