साहेबाला सुनावायचं होतं

वाळूजच्या कारखान्यात ज्या साहेबाशी माझा निवृत्तीपर्यंत उभा दावा होता, त्याला एकदाचं सुनावायचं म्हणून मी पडेगावला त्याच्या घरी गेले. हा माणूस स्वतःचं काम माझ्या टेबलावर ढकलायचा आणि चुकलं की सगळ्यांदेखत माझीच खरडपट्टी काढायचा.

दारातच त्याची बायको म्हणाली, “ताई, यांना आता घरचेबी ओळखू येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, नोकरीत लई ताण घेतला.”

ताण? तो तर मी सोसला होता!

आतून साहेब आला. हसून, अदबीनं म्हणाला, “बसा ना. आपण कोण?”

कामं टाकलीच होती; आता आमचं भांडणही या माणसानं माझ्या एकटीवर टाकलं.