कादंबरीवरचा माझा शेरा

धुळ्याच्या आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद डकवलेला असे. वाचून झालं की सभासदाने त्यावर शेरा लिहायचा. पुढचा माणूस आधी शेरे पाही आणि मग पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवी. मी कचेरीत कारकून, शिवाय वाचनालयाच्या कमिटीवर. माझ्या शेऱ्याला वजन आहे याचा मला मोठा अभिमान होता.

पुण्यामुंबईकडे फार वाखाणलेली एक कादंबरी आली. तिच्यातली आई मेलेल्या मुलासाठी रोज ताट वाढते. मी घरी बसून शेरा लिहिला: ‘निव्वळ असत्य. अशी बाई अख्ख्या खानदेशात कोणी दाखवावी.’ दोन दिवसांनी पुस्तक परत केलं.

पुढे पंधरवड्याने, शेऱ्यावर कोणी काही लिहिलं का हे पाहायला मी ती कादंबरी उघडली. माझ्या शाईखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात एकच शब्द होता: ‘आहे.’ सही नव्हती.

ग्रंथपाल आबांनी नोंदवही चाळली. “तुमच्यानंतर कोणी नेलंच नाही हो हे.”

“भाऊ, भुताटकी शे ही!” सोनगीरचे एक सभासद वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले. “त्या मरेल पोऱ्याले तुमना शेरा झोंबना व्हई.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ते अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं आणि आठवत नव्हतं. पुढच्या बैठकीत मी हट्टाने ती कादंबरी काढून टाकायला लावली. ती रद्दीत गेली.

त्यानंतर एकदा डोकं दुखतं म्हणून मी भर दुपारी घरी आलो. बायको स्वयंपाकघरात जेवायला बसली होती. तिच्यासमोर दुसरा पाट मांडलेला, त्याच्यापुढे लहान ताट. त्यातलं वरण ती फुंकून निववत होती.

“अर्ध्या भाकरीवर आता भागत नाही त्याचं,” ती वर न पाहता म्हणाली. “सात वर्षांचा झाला ना.”

आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना तापाने गेला होता. त्याला चार वर्षं झाली होती. घरात त्याचं नाव निघत नसे, म्हणून मी समजत होतो की तिचं दुःख ओसरलं. पाटावर कोणीच नव्हतं, तरी माझं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेना.

“पुस्तकात ते ‘आहे’ मीच लिहिलं,” ती म्हणाली. “तुम्ही कचेरीत गेलात की वाचत होते. निम्मं झालं आणि तुम्ही परत केलंत. अहो, ती आई शेवटी काय करते?”

मला माहीत नव्हतं. मीसुद्धा निम्मीच वाचून शेरा ठोकला होता.

“थांबते,” मी म्हणालो. “ताट वाढायचं थांबवते.”

“त्याला आधी सांगते का?”

“सांगते.”

ती रिकाम्या पाटाकडे वळली आणि काहीतरी हळू बोलली. मग उत्तर ऐकावं तशी मान कलती करून थांबली. बराच वेळ. शेवटी उठून तिने ते ताट घासून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते ताट निघालं नाही. तिचं दुपारचं जेवणही सुटलं, ते आजतागायत. पुण्याहून दुसरी प्रत मागवता येईल, पण मी मागवलेली नाही. त्या कादंबरीतली आई शेवटपर्यंत वाढत राहिली असेल, तर ते मी हिला कोणत्या तोंडाने सांगू?