आणखी अर्धा तास

विमानतळावर काउंटरच्या मुली तिला ‘अर्धा तास’ म्हणायच्या. ती मनावर घ्यायची नाही. विमान कंपनीच्या नोकरीत तिनं एकच विद्या कमावली होती, चिडलेल्या माणसाला गोडीगुलाबीनं पुन्हा खुर्चीत बसवायची. विमानाला कितीही उशीर असो, तो एकदम सांगायचा नाही, असं वरून बजावलेलं. खरं सांगितलं की लोक पैसे परत मागतात, दुसऱ्या विमानात जागा मागतात. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासानं वेळ मारून न्यायची. कुणाचं लग्न चुको, कुणाची मुलाखत, कंपनी हात झटकून मोकळी. आणि हिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं, हेही सांगायलाच हवं.

त्या दुपारी तिचा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या विमानानं बंदराच्या गावी निघाला होता. जहाजावरचा स्वयंपाकी. आधीचं काम सुटल्यापासून दोन वर्षं तिच्याच घरी होता. भाचरांना खाऊ घालून घालून त्यानं पार गरगरीत करून ठेवलं होतं. आता कुठे एका जहाजानं बोलावलं होतं. जहाज संध्याकाळी बंदर सोडणार, आणि जहाज काही स्वयंपाक्यासाठी थांबत नाही.

विमानाचा पत्ता नव्हता. काउंटरला गराडा पडला होता. एका बाईंच्या कडेवरचं मूल रडत होतं, एक गृहस्थ टेबल आपटत होते. भाऊ गर्दीतून वाट काढत पुढे आला.

“ताई, बाहेर बंदराची बस लागलीय. शेवटची आहे. तिनं निघू का?”

“अरे थांब, अर्ध्या तासात सोडतायत,” ती मान वर न करता म्हणाली आणि गृहस्थांकडे वळली.

“मग ठीक,” म्हणत तो खुर्चीवर जाऊन बॅग मांडीवर घेऊन बसला.

गर्दी पांगेपर्यंत तिचा अर्धा तास आणखी दोनदा सांगून झाला. मग तिची नजर समोरच्या पडद्यावर गेली. विमान पलीकडच्या शहरातून अजून उडालंच नव्हतं. हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. मघाशी आपण कुणाला काय म्हणालो, ते तिला आत्ता ऐकू आलं. ती धावत बाहेर गेली. बस केव्हाच गेली होती. बंदराचं नाव काढताच टॅक्सीवाला हसला. “संध्याकाळच्या आत पोचायचं तर आता उडतच जावं लागेल, बाई.”

ती परत आली. भावासमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. पाठच्या भावाला आपण थाप मारली, आणि तीही मुद्दाम नव्हे, नुसत्या सवयीनं, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यानं चारचौघांत फाडफाड बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तो बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिला.

“काउंटरवर दुसरं कोणी असतं ना ताई,” तो शेवटी म्हणाला, “तर मी बसनं गेलो असतो.”

ती जागेवर परतली. साहेबांनी लांबूनच खूण केली, आणखी अर्धा तास. तिनं माईक पुढे ओढला.

“विमान तिकडून निघालेलंच नाही. एवढ्यात येणारही नाही. ज्यांना दुसरी सोय करता येईल त्यांनी करा. आणि पैसे मागा, कंपनीनं ते द्यायलाच हवेत.”

साहेब धावत आले. लोक उठले, बॅगा ओढत दाराकडे निघाले. मूल कडेवर घेतलेली बाईही निघाली.

भाऊ तेवढा बसून होता. त्याला आता कुठेच जायचं नव्हतं.