आत्याच्या आमटीला साडेचार गुण

लहान मुलांनी टीव्हीवर काय बघावं, याबद्दल मूल होण्याआधी माझी मतं ठाम होती. मूल झाल्यावर ती आणखी ठाम झाली आणि तिथंच सगळं बिघडलं.

रेवा पाच वर्षांची झाली तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी रिमोटचा ताबा घेतला. कार्टून बंद, कारण त्यात सगळे एकमेकांना हातोड्याने हाणतात. पौराणिक मालिका बंद, त्यात मुंडकी उडतात. कौटुंबिक मालिका तर साफ बंद! त्यातल्या सासूने दुधात काहीतरी कालवलेलं पाहून रेवाने दूध सोडलं होतं. मोठ्या आशेने प्राण्यांचा कार्यक्रम लावला, तर पहिल्याच मिनिटाला सिंहिणीने हरणाचा गळा धरला आणि रेवापेक्षा मीच जोरात ओरडलो. बातम्यांचं तर बोलायलाच नको.

शेवटी मला निर्धोक कार्यक्रम सापडला. स्वयंपाकाची स्पर्धा! मारामारी नाही, कारस्थान नाही. स्पर्धक रांधतात, परीक्षक चव घेऊन गुण देतात आणि सगळ्यांत कमी गुण मिळतील त्याला घरी पाठवतात.

"यातून काय वाईट शिकणार आहे ती?" मी मंजिरीला, म्हणजे बायकोला, विचारलं.

"शिकली की कळेलच," ती म्हणाली.

आठ दिवसांत कळलं. रेवाने आईच्या उपम्याचा घास घेतला, डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाली, "चव छान. पण मांडणीत कमी पडलात. सहा."

मी हसून हसून बेजार झालो. एवढ्यावर थांबायचं ना! "मी साडेपाचच दिले असते," असंही म्हणालो. (त्यानंतर आमच्या घरी उपमा झालेला नाही.)

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण, राहते कात्रजला. तिच्या वास्तुशांतीला मी पूजा आटोपल्यावर, बरोबर पानं वाढताना पोचलो होतो, तेव्हापासून दोन वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती. मला ते फार लागलं होतं. आई गेल्यावर मला "जेवलास का?" विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. आणि आता ती स्वतःहून म्हणत होती, "रविवारी जेवायला या. वेळेवर."

आम्ही इतके वेळेवर गेलो, की ताई अजून केर काढत होती. बसमध्ये मी रेवाला तीनदा बजावलं होतं, "आत्याकडे गुण द्यायचे नाहीत." तिन्ही वेळा ती "बरं" म्हणाली होती.

पहाटेपासून राबून ताईने पुरणपोळी आणि आमटी केली होती. रेवाने आमटीचा भुरका मारला आणि डोळे मिटले.

"रेवा, गुपचूप जेव!"

"गुण नाही देत, बाबा. फक्त सांगते. मीठ जास्त झालंय."

ताईचा वाढता हात थांबला.

"छे छे! आमटी फर्मास आहे!" असं म्हणून पुरावा म्हणून मी अख्खी वाटी तोंडाला लावली. डोळ्यांत पाणी आलं. आमटी खरोखरच खारट होती! त्यात ताईचे यजमान वसंतराव, आजवर पानात पडेल ते निमूट खाणारा माणूस, हळूच म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे."

"तुम्ही गप्प बसा!" ताई कडाडली.

पण पाठिंबा मिळाल्यावर परीक्षक थांबतात होय? "साडेचार," रेवाने जाहीर केलं. मग उठून ताईचा हात हातात घेतला आणि मऊ आवाजात म्हणाली, "खूप वाईट वाटतंय, पण आज तुम्हाला घरी जावं लागेल."

"अगं, हे माझंच घर आहे!"

रेवा गोंधळली. कार्यक्रमात असं कधी झालं नव्हतं.

"हे हिला शिकवलं कोणी?" ताईने विचारलं.

"बाबांनी," रेवाने तत्परतेने सांगितलं. "बाबा तर आईला साडेपाचच देतात."

आता आणखी दोन वर्षं अबोला, असं मी मनाशी धरूनच चाललो. ताईने मंजिरीकडे पाहिलं, मंजिरीने ताईकडे. मग ताईने पळी माझ्या हातात दिली.

"ऊठ. तू कर आमटी."

"मी? भरल्या पानावरून?"

"ऊठ!"

मी त्याच आमटीत तांब्याभर पाणी ओतलं. ती पातळ झाली म्हणून बेसन घातलं. गुठळ्या झाल्या म्हणून आणखी पाणी. अर्ध्या तासाने पातेलं घेऊन बाहेर आलो. रेवाने चव घेतली. या वेळी डोळे मिटले नाहीत, विस्फारले.

"शून्य," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही घरी जा."

ताई इतकी हसली, की खुर्चीवरून उठून सरळ जमिनीवर बसली. लहानपणी धरायची तसा माझा कान धरला आणि तो धरूनच हसत राहिली. मला इतकं बरं वाटलं, की ती आमटी मी दोन वाट्या प्यायलो.

तेव्हापासून दर रविवारी जेवायला बोलवायला ताईचा फोन येतो, थेट परीक्षकबाईंना. एकदा मी मध्येच फोन घेऊन विचारलं, "ताई, मीपण येऊ ना?"

"ये की," ताई म्हणाली. "फक्त जेवून ये."