तडा गेला की टाळी

स्फटिकाला तडा गेला की उषाअक्का टाळी वाजवायच्या. बाळांनो, आमच्या जळगावच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी वनस्पतिशास्त्र. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरचं. वर्गात शुद्ध मराठी बोलायच्या, पण आनंद झाला की सरळ अहिराणी.

पिकत्या केळ्यात साखरेवर काम करणारं एक एन्झाइम असतं. त्याचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि त्याची घडण पाहून ते काम कसं करतं हे शोधायचं, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पुण्यात स्फटिक झाले, चित्रही निघालं: दोन भाग, मध्ये उघडी खाच. पण स्फटिकावर ग्लुकोजचा थेंब सोडला की तो तडकायचा. मार्गदर्शक सर म्हणाले, "बाई, तुमचा हात जड आहे. विषय बदला." अक्कांचं म्हणणं, साखर मिळताच एन्झाइम आकार बदलतं, म्हणून तडा जातो. सरांना ते पटेना. प्रबंध अर्धा टाकून अक्का खान्देशात परतल्या.

मला समजवायच्या, "ताई, पंगतीत माणसं खेटून बसली आणि सगळी एकदम मांडी बदलायला लागली, तर पंगत राहील का?"

"मग काय करायचं?"

"आधीच मांडी बदलून बसवायची!"

म्हणजे ग्लुकोज आधी द्यायचं आणि स्फटिक मागून करायचे. पण जळगावचा उन्हाळा आणि सारखी जाणारी वीज! फ्रिज बंद पडला की सगळं वाया. एक दिवस अक्कांनी स्टाफरूममधला पिण्याच्या पाण्याचा माठच उचलला, प्रयोगशाळेत ओल्या वाळूत बसवला आणि त्यात बंद नळ्या सोडल्या.

"अक्का, आता आम्ही प्यायचं काय?" शिपाई नाना ओरडले.

"चहा प्या नाना, मी पाजते!"

माठात स्फटिक धरले, अखंड आणि लखलखीत. पुण्याच्या एका मैत्रिणीनं त्यांची चित्रं काढून दिली. खाचेत ग्लुकोज बसलेलं आणि दोन्ही भाग त्यावर मिटलेले. काम चालू असताना पाणी आत शिरलं तर पेशीची शक्ती फुकट जाते, म्हणून ही सोय. अक्का स्टाफरूममध्ये नाचल्याच. "ताई, दार लाईसन काम करस!" म्हणजे दार लावून घेऊन काम करतं.

चित्रं पाहून सर स्वतः जळगावला आले. अक्कांनी रिकाम्या एन्झाइमचा एक ताजा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि ग्लुकोजची नळी सरांच्याच हातात दिली. "सर, तुमचा हात हलका. तुम्हीच सोडा."

सरांनी श्वास रोखून एक थेंब सोडला. डोळा तसाच लावून राहिले. स्फटिकाला आडवा तडा गेला.

 मग अक्कांची टाळी वाजली. "तुटना नही, सर! जेवाले बसना शे!"

सरांनी मान वर केली, हसले आणि त्यांनीही टाळी वाजवली. "बाई, प्रबंध लिहायला घ्या."

अक्का डॉक्टर झाल्या. नानांना नवा माठ मिळाला. जुना मात्र वाळूत तसाच राहिला, आणि त्यातलं पाणी प्यायची कुणाची हिंमत झाली नाही.